पायाळू, पण किती इंची?

गुप्तधन शोधायला पूर्वी पायाळू माणूस लागायचा. पायाळू म्हणजे जन्माला येताना डोक्याऐवजी पाय पुढे करून आलेला. त्याच्या डोळ्यांत ठरावीक अंजन घातलं की त्याला जमिनीखालचा मोहरांचा हंडा, हंड्यावर वेटोळं घालून बसलेला नाग आणि नागाचा त्या वेळचा मूड हे सगळं स्वच्छ दिसतं, अशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. शिवाय त्याची लाथ बसली की कंबरेतली लचक निघते, हा बोनस. या पद्धतीत एक मोठी सोय होती. निवड करावी लागत नसे. पायाळू एकाच मापात यायचा. पाच इंची पायाळू, पंधरा इंची पायाळू, पावसाळी वॉटरप्रूफ पायाळू असले प्रकार बाजारात नव्हते. हंडा सापडला तर अंजन चांगलं, नाही सापडला तर नागाची मर्जी नव्हती. हिशेब मिटला.

मग २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. गुप्तधनाच्या नावाखाली केलेले अघोरी प्रकार सरळ गुन्हा ठरले आणि ते फार बरं झालं, कारण या हौसेत बळी जायची वेळ नेहमी दुसऱ्यावर यायची. कायद्याने अंजन गेलं, हौस मात्र राहिली. ती आता बॅटरीवर चालते. तिला मेटल डिटेक्टर म्हणतात आणि तिच्याबरोबर तो प्रश्न आला, जो आपल्या आजोबा-पणजोबांना कधी पडला नव्हता : कॉइल किती इंची घ्यायची?

आमचे बदलापूरचे साडूभाऊ रीतसर डोक्याकडून जन्मलेले आहेत. ते डोकं पुढे कुठे गेलं, याबद्दल सासुरवाडीत दोन मतं आहेत. पण पायाळू नसल्यामुळे त्यांना मशीन घेणं भाग पडलं. त्याचं असं झालं, की त्यांनी बारवी धरणाच्या रस्त्याला काही गुंठे जागा घेतली. खरेदीखत झालं, चहा झाला, आणि मग जुना मालक निघता निघता सहज म्हणाला, "आमच्या पणजीनं हितं हंडा पुरला होता म्हणत्यात." बाकी कोणाच्याही लक्षात आलं असतं की हंडा खरा असता तर हा माणूस बोललाच नसता, आणि भाव वाढवायचा असता तर चहाच्या आधी बोलला असता. पण साडूभाऊ घरी आले ते थेट मोबाइलवर मेटल डिटेक्टर शोधत.

हे यंत्र दिसायला साधं असतं. एक दांडी, वरच्या टोकाला डबा, खालच्या टोकाला गोल तबकडी. ही तबकडी म्हणजे कॉइल, आणि सगळी भानगड तिच्यातच असते. तिच्या पोटात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून सतत उलटसुलट होणारा प्रवाह फिरतो आणि जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडत राहतो. खाली धातू असला की त्याच्या अंगात छोटे भोवरी प्रवाह उठतात, त्या प्रवाहांचं आपलं एक क्षीण क्षेत्र तयार होतं, आणि ते ऐकण्याचं काम दुसऱ्या वेटोळ्याचं. थोडक्यात, एकाने अखंड बोलायचं आणि दुसऱ्याने निमूट ऐकून घ्यायचं. साडूभाऊंना ही रचना समजायला अजिबात वेळ लागला नाही. घरात ती वीस वर्षं चालू आहे.

कॉइलने पहिला दगा दिला तो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना. १८८१ च्या जुलैत जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली. गोळी शरीरात नेमकी कुठे आहे हे डॉक्टरांना सापडेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं नवंकोरं धातुशोधक यंत्र घेऊन आले. यंत्र चांगलं होतं, पण राष्ट्राध्यक्षांच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या आणि डॉक्टरांनी तपासायला दिली ती चुकीची बाजू. गोळी मिळाली नाही आणि सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष गेले. आजही कॉइल हाती घेणाऱ्याने ही गोष्ट आधी वाचावी. शोधायची वस्तू एकच असते, आजूबाजूच्या स्प्रिंगा फार असतात.

आता निवडीचा मुद्दा. कॉइल साधारण पाच इंचांपासून पंधरा-अठरा इंचांपर्यंत मिळते. ढोबळ हिशेब असा, की जेवढा कॉइलचा व्यास तेवढ्या खोलीपर्यंत साधं नाणं ऐकू येतं, तेही जमीन गुणी असेल तर. मोठी कॉइल खोल जाते, एका फेरीत जास्त जागा उरकते आणि मोठी वस्तू लांबून ओळखते. पण तिला बारीक वस्तू दिसत नाहीत. शिवाय तिच्या खाली एका वेळी चार खिळे, दोन बुचं आणि एक अंगठी आली, तर ती सगळ्यांचा मिळून एकच आवाज काढते. छोटी कॉइल खोल जात नाही, पण गर्दीत शिरून एकेकाची वेगळी चौकशी करते. म्हणजे मोठी कॉइल हंड्यासाठी आणि छोटी अंगठीसाठी. इतकं सरळ आहे. फक्त मोठी कॉइल घ्यायची तर हंडा असावा लागतो.

व्यासानंतर येतो आकार. जुन्या पद्धतीच्या कॉइलमध्ये एक वेटोळं दुसऱ्याच्या आत बसवलेलं असतं. तिचं क्षेत्र जमिनीत उलट्या धरलेल्या मोदकाच्या आकाराचं जातं. वर रुंद, खाली गेलं की नुसतं टोक. टोकापाशी नेम अचूक, पण बाजूची जमीन सुटते, म्हणून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवत जावं लागतं. दुसरा प्रकार डबल-डी. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून, थोडी एकमेकांवर चढवून ठेवायची. तिचं क्षेत्र अरुंद आणि उभं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ सारखं खोल. नेम किंचित कमी, पण लोहखनिजाने भरलेल्या जमिनीत ही बिचकत नाही. आपल्याकडची जमीन कोणत्या जातीची, हा प्रश्न इथे येतो. तो साडूंनी विचारला नाही.

साडूंनी प्रश्न विचारला तो सकाळच्या लोकलमध्ये. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत ज्याला रोजची बसायची जागा आहे, त्याला जगातल्या कोणत्याही विषयावर मत असतं. उभ्याने जाणाऱ्यांचं मत फक्त रेल्वेबद्दल असतं. साडूंनी हंड्याचा उल्लेख न करता, "एका मित्राला कॉइल घ्यायची आहे" अशी सुरुवात केली. कल्याण येईपर्यंत गटाचा निकाल एकमुखी होता : मोठी घ्या. एका सभासदाने ३२ इंची टीव्ही घेतला होता, शेजाऱ्याने आठवड्यात ५५ इंची आणला, त्याचं दुःख अजून ओलं होतं. दुसऱ्याने बाल्कनीसकट फ्लॅटचा हिशेब मांडला. भजनी मंडळाच्या बुवांनी मृदंगाचं उदाहरण दिलं. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी मात्र हळूच विचारलं, "पण मित्राला शोधायचंय काय?" साडूंनी खिडकीबाहेर बघितलं. वालधुनी नदी गेली.

गुप्तधन शोधणाऱ्याची खरी अडचण ही आहे. कॉइल निवडायची तर काय शोधतोय हे सांगावं लागतं, आणि तेच सांगायचं नसतं. त्यामुळे या क्षेत्रात ज्याला गरज असते त्याला सल्ला मिळत नाही, आणि सल्ला मिळतो तो त्याच्या मित्रासाठी असतो.

गाडीतल्या मंडळींचीही चूक नाही. मेटल डिटेक्टरशी आपली ओळख झाली ती स्टेशनवर. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईच्या स्टेशनांच्या तोंडाशी धातुशोधक चौकटी उभ्या राहिल्या. माणसाएवढी उंच, आरपार जाता येईल एवढी ती कॉइलच. तिच्यातून सकाळी जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत स्टीलचा डबा, कमरेला पट्ट्याचं बकल, खिशात किल्ल्या आणि मोबाइल. चौकट प्रत्येकाला वाजते. प्रत्येकाला वाजणारं यंत्र आणि कोणालाच न वाजणारं यंत्र यांत कामाच्या दृष्टीने फरक राहत नाही. मोठ्या कॉइलचा हा धडा आपण रोज पायाखाली घालतो आणि गाडी पकडतो.

शेवटी साडूभाऊ मला घेऊन उल्हासनगरला गेले. हे शहर दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीवर उभं आहे. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसं इथल्या बराकींत आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी छावणीला उल्हासनगर हे नाव दिलं. पाच कॅम्प मात्र अजून कॅम्पच आहेत. सर्वस्व मागे टाकून आलेल्या लोकांनी जमिनीतलं धन शोधण्यात एक दिवस घालवला नाही. त्यांनी जमिनीवर दुकान टाकलं. मला तरी गुप्तधनाची याहून खात्रीची पद्धत माहीत नाही. इथे फर्निचरपासून जीन्सपर्यंत काय हवं ते मिळतं, आणि जे मिळत नाही ते "शाम को आओ" म्हटल्यावर मिळतं.

दुकानदार शेठ वयस्कर होते. त्यांच्याकडे चौकीदाराच्या हातातले डिटेक्टर खोक्याने होते आणि जमिनीवरचे दोन-तीन. साडूंनी "सगळ्यात मोठी कॉइल दाखवा" म्हणताच त्यांनी चष्मा वर केला.

"ढूंढना क्या है, साईं?"

साडूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "पाईप."

"पानी का?"

"हां. जुना आहे. पणजीच्या वेळचा."

शेठ शांतपणे म्हणाले, "ऐसे पाईपवाले बहुत आते हैं. रोज आते हैं. किसी का पाईप आज तक मिला नहीं."

तरी त्यांनी माल दाखवला आणि दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. पहिली, कॉइल ही त्या त्या मशीनच्या मापानेच बनते. तिची तार, तिची वारंवारता, तिची जोडणी सगळं त्या मशीनशी जुळावं लागतं. एका कंपनीची कॉइल दुसऱ्या कंपनीच्या डब्याला लावून चालत नाही. आणि ती राळेने सीलबंद असते, उघडून दुरुस्त करता येत नाही. उल्हासनगरच्या माणसाने एखाद्या वस्तूबद्दल "ये रिपेअर नहीं होगा" म्हणणं ही मी ऐतिहासिक घटना मानतो. दुसरी गोष्ट त्यांनी भाच्याच्या कारखान्याची सांगितली. भाचा कॅम्प पाचात जीन्स शिवतो. शिवताना सुईचं टोक मोडून कापडात राहिलं तर परदेशी गिऱ्हाईक अख्खा माल परत पाठवतं, म्हणून प्रत्येक पँट सुईशोधक यंत्राखालून जाते. आता जीन्स म्हणजे चेन, बटण आणि रिव्हेटांचं दुकान. मग यंत्र सारखं का वाजत नाही? कारण ते फक्त लोहचुंबकी धातूला वाजतं, आणि बटणं, चेन, रिव्हेट हे पितळ-तांब्याचे वापरतात. दीड मिलिमीटरचं पोलादी टोक सापडतं, मूठभर पितळ गुमान निघून जातं.

"मशीन को मालूम है उसको क्या चाहिए," शेठ म्हणाले, "इसलिए मिलता है."

एवढं तत्त्वज्ञान फुकट मिळाल्यावर साडूंनी पंधरा इंची घेतली. शेठनी वर एक पाच इंची छोटी कॉइल तशीच दिली. फुकट मिळाली म्हणून साडूंनी ती घरी नेऊन माळ्यावर टाकली.

पुढचा रविवार बदलापुरात. प्लॉटवर साडू, साडूंचा मुलगा, मी आणि कुंपणापलीकडे "काही नाही, सहज उभे आहोत" असं म्हणणारी वीसेक माणसं. साडूंनी मशीन चालू केलं आणि कॉइल जमिनीकडे नेली. ती वाजली. पाऊल पुढे टाकलं, तिथेही वाजली. डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे एकच गजर. साडूंचा चेहरा फुलला. हंडा एक नव्हताच, अख्खा प्लॉट हंड्यांनी भरलेला होता.

खरी गोष्ट अशी, की ओरडत होता तो सह्याद्री. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. त्याच्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहचुंबकी खनिज मिसळलेलं असतं, आणि तो झिजून झालेल्या तांबड्या मातीत आणि मुरमात तर आणखी. चंदेरी, मलंगगड, माथेरानचा डोंगर या सगळ्या रांगेच्या कुशीत बदलापूर बसलंय. इथे कॉइलला आधी समजवावं लागतं, की बाई, हा नुसता दगड आहे, याच्यावर बोलू नकोस. त्यासाठी कॉइल जमिनीच्या जवळ नेऊन वरखाली वरखाली करत राहायचं, म्हणजे मशीन जमिनीचा आवाज वजा करायला शिकतं. मोठी कॉइल एका वेळी जास्त जमीन बघते, म्हणजे जास्त दगडही तीच ऐकते. साडूंनी वरखाली सुरू केलं. कुंपणापलीकडून कोणीतरी म्हणालं, "पूजा चालू झाली."

दगड गप्प झाल्यावर कचरा बोलू लागला. बदलापूरची जमीन एके काळी शेतीची होती, मग वीटभट्टीची, मग बिल्डरची, आणि मधल्या काळात सगळ्यांच्या पार्ट्यांची. एक खिळा निघाला. बिअरचं बूच निघालं. नांगराचा तुकडा, सळईचा तुकडा, सायकलची घंटी निघाली. आणि पुन्हा पुन्हा, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. साडू चिडले. मशीनवर आकडा दिसतो, त्यावरून धातू ओळखता येतो. लोखंडाचा आकडा खाली, चांदीचा वर. साडूंनी पाकिटांचा आकडा बंद करून टाकला, की तो आला तर वाजूच नकोस.

इथे या विद्येतला सगळ्यात खोडकर नियम लागू होतो. सोन्याची छोटी वस्तू आणि पाकिटांवरची ॲल्युमिनियमची फॉइल यांचा आकडा बहुतेक वेळा एकाच घरात येतो. पाकिटं बंद केली की सोनंही बंद. सोनं हवं असेल तर प्रत्येक पाकीट खणावं लागतं. ज्याला नुसतंच सोनं हवंय त्याला सोनं मिळत नाही, हे संतांनी वेगळ्या कारणासाठी सांगितलंय, पण मशीनही तेच म्हणतं.

शिवाय पंधरा इंची कॉइल जड. दांडीच्या टोकाला वजन, आणि ते जमिनीपासून दोन बोटं वर धरून झुलवत राहायचं. संध्याकाळी साडूंचा खांदा धरला, मग कंबर धरली. पायाळू असता तर लाथ मारून घेता आली असती. मशीनला लाथ मारायची पद्धत आहे, त्याने मारायची नाही.

खांदा मोकळा होईपर्यंत साडूंनी कायदा वाचला. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली आणि दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर काय सापडलं, कुठे सापडलं, कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे दहा रुपयांचं नाणं सापडलं तर कायदा गप्प आणि वाणीही घेत नाही. अकरा रुपये सापडले तर ठाण्याला जायचं. धनाला कोणी वारस निघाला नाही आणि शोधणारा आणि जमीनमालक वेगळे असले, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला. ही वाटणी साडूंना तोंडपाठ झाली. त्यांनी मला फोन करून सांगितलं, "साडूभाऊ, आपल्याच जमिनीत शोधण्यात काही फायदा नाही. दुसऱ्याच्या जमिनीत शोधलं तरी पाऊण आपलंच आहे."

दुसऱ्याची जमीन म्हणजे अंबरनाथ, कारण तिथे मी राहतो. साडूंचा डोळा शिवमंदिराच्या परिसरावर होता. त्यांचा तर्क : एवढं जुनं देऊळ, आसपास काहीतरी असणारच. देऊळ जुनं आहेच. शिलाहार राजा छित्तराजाने ते सुरू केलं आणि मम्मुणी राजाच्या काळात पुरं झालं. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख तिथे आहे. पण ते केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. परवानगीशिवाय तिथे खणायला १९५८ चा कायदा आडवा येतो, आणि हद्दीपासून शंभर मीटर मनाई, पुढचे दोनशे मीटर निर्बंध. साडू म्हणाले, "मग नदीत बघू, कॉइल वॉटरप्रूफ आहे." मी त्यांना देवळामागून जाणारी वालधुनी दाखवली. तिच्यात कॉइल बुडवायला वॉटरप्रूफ पुरत नाही, ॲसिडप्रूफ लागेल. मग आम्ही पायऱ्या उतरून गाभाऱ्यात दर्शन घेतलं. राजाने जे काही ठेवायचं ते भिंतीवर, खांबावर, शिखरावर, सगळ्यांना दिसेल असं कोरून ठेवलंय. साडू फरशीकडे बघत होते.

याच सुमारास आमच्या सोसायटीत हळदीकुंकू झालं. बागेत सतरंज्या, वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे, गर्दी. आणि वाण देता देता दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची अंगठी बोटातून निसटली. वयाने बोटं बारीक झाली होती, अंगठी लग्नातली होती. हिरवळीवर अंधार होईपर्यंत शोधाशोध झाली. बायकोने बहिणीला फोन केला, आणि सकाळी साडूभाऊ पंधरा इंची कॉइल घेऊन हजर.

बाग म्हणजे काय, तर चारही बाजूंना लोखंडी कुंपण, मध्ये लोखंडी बाकं, लोखंडी घसरगुंडी, फरशीखाली सळया आणि डोक्यावर विजेच्या तारा. कॉइल बाकापासून चार हात लांब धरली तरी ती बाकाबद्दलच बोलायची. बेलसाहेबांची गादी पुन्हा एकदा अंथरलेली होती. साडूंनी निदान केलं : "इथे लोखंड फार आहे, अठरा इंची लागेल."

तेव्हा आजींच्या सूनबाई खाली आल्या. त्या अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटीत आहेत. त्यांनी यंत्राकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, आमच्याकडे गोळ्या प्रेसमधून निघाल्या की मेटल डिटेक्टरमधून जातात. त्याचं तोंड किती असतं माहितीये? गोळ्या जेमतेम घरंगळतील एवढं. तोंड जितकं मोठं ठेवाल तितका मोठा कण सुटतो. आणि ही तपासणी पाकिटात भरायच्या आधी करतात, कारण पाकीटच धातूचं. एकदा भरलं की मशीन गोळीबद्दल काही सांगू शकत नाही." साडू गप्प झाले. त्यांच्या प्लॉटवरची अर्धी पाकिटं कदाचित याच बाईंच्या हाताखालून पास झालेली होती.

"शोधायची आहे अंगठी," बाई म्हणाल्या, "हिरवळीत, वरच्या वर, लोखंडाच्या शेजारी. खोलीचा प्रश्नच नाही. तुमच्याकडची सगळ्यात छोटी कॉइल कुठाय?"

साडूंच्या मुलाला बदलापूरला पिटाळलं. माळ्यावरची पाच इंची आली. पाकिटांचा बंद केलेला आकडा बाईंनी पुन्हा चालू करायला लावला. संवेदनशीलता कमी केली, बाकाच्या पायापासून कॉइल आडवी, जमिनीला जवळजवळ टेकवून फिरवली. एक बूच निघालं. एका गोळीचं पाकीट निघालं. मग बाकाच्या मागच्या पायापाशी, गवताच्या मुळात, अगदी स्वच्छ, गोल आवाज आला. अंगठी बंद कड्याची असते, तिच्यात प्रवाह पूर्ण फिरतो, म्हणून ती आकाराच्या मानाने मोठ्याने बोलते. बारीक साखळी असती तर हीच कॉइल कुजबुजली असती. आजींनी अंगठी बोटात घातली आणि मूठ मिटून घेतली.

टाळ्या वाजल्या. आता आजी काहीतरी बोलतील असं वाटत होतं, पण साडू आधी बोलले. त्यांनी घसा साफ केला आणि निखात निधी कायद्याची थोडक्यात ओळख करून दिली. तीन चतुर्थांशचा उल्लेख त्यांनी केवळ माहितीसाठी केला, असं ते अजूनही म्हणतात. पण सोसायटीचे सेक्रेटरी वाणिज्य शाखेचे आहेत. त्यांनी लगेच विचारलं, "आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश ना? मग इथे जमीनमालक म्हणजे सोसायटी."

"अहो, आणि माझं काय?" आजींनी विचारलं. "अंगठी माझीये."

सूनबाईंनी मोबाइलवर कायदा काढला. वाटणी होते ती मालक सापडला नाही तर. इथे मालकीणबाई बाकावर बसल्या होत्या आणि त्यांनी मूठ उघडायला साफ नकार दिला. प्रकरण तिथेच निकाली निघालं. साडूंना शोधणाऱ्याचा वाटा म्हणून कांदेपोहे मिळाले, दोनदा.

साडूंनी या अनुभवातून बोध घेतला, की छोटी कॉइल छोट्या वस्तूसाठी उत्तम. यावरून मोठ्या वस्तूसाठी आणखी मोठी लागेल हे उघडच होतं, म्हणून त्यांनी उल्हासनगरच्या शेठना अठरा इंचीची ऑर्डर दिली. शेठनी फक्त एवढंच विचारलं, "पाईप मिला?"

सेक्रेटरींनी मात्र हिशेब सोडला नाही. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली नोटीस लागली. ती जशीच्या तशी देतो : "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सोसायटीच्या आवारात मेटल डिटेक्टर फिरविण्यापूर्वी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. शोधावयाची वस्तू, तिचा आकार व कॉइलचा इंचात व्यास अर्जात स्पष्ट नमूद करावा. वस्तूच्या रकान्यात 'पाईप' असे लिहिलेले अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत."